वर कोण हाय?

आडवे आप्पा विहिरीत उतरले की यंत्राला हात लावण्याआधी मान वर करून ओरडायचे, "वर कोण हाय?" वर कोण आहे हे त्यांना चांगलं ठाऊक असायचं. दोराशी त्यांची बायको गौराक्का, इंजिनापाशी विहिरीचा मालक, आणि काठावर उकिडवी बसलेली गावातली चार रिकामटेकडी माणसं. यातलं कुणीही त्यांना नको असायचं. भिंतीत ज्या दिशेला सळई जाणार, त्या दिशेला रान कुणाचं आणि तो माणूस स्वतः बांधावर येऊन उभा राहिलाय का, एवढंच त्यांना विचारायचं असायचं. त्या माणसाने वरून ओ दिली की काम सुरू. ओ आली नाही तर आप्पा तळाशीच मांडी घालून बसायचे, चंची सोडायचे आणि खुशाल पान लावायला घ्यायचे. मालक वरून कितीही कावला तरी माणूस ढिम्म.

जळकोटच्या अलीकडे हायवेला लागून आमचं गाव. उभं बोअर घेणाऱ्या गाड्या आमच्याकडे पैशाला पासरी, पण आप्पांचं काम आडवं. आटलेल्या विहिरीच्या तळाशी एक लहानसं यंत्र भिंतीला टेकवून घट्ट बसवायचं आणि पाच पाच फुटांच्या सळया एकीला एक जोडत भिंतीत सारत न्यायच्या. खडकातली पाण्याची चीर लागली की ते पाणी विहिरीत मोकळं होतं. पन्नास फूट, शंभर फूट, कधी त्याहूनही लांब. त्यामुळे विहीर आपली आणि सळईचं टोक भलत्याच माणसाच्या तुरीखाली, असं सहज होऊ शकतं. वरून काही दिसत नाही. ढेकूळसुद्धा हलत नाही. आप्पांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. गावाला ते आडवे आप्पा म्हणूनच माहीत होते.

त्यांचा नियम साधा होता. विहिरीपासून बांधापर्यंतचं अंतर आधी पावलांनी मोजायचं आणि बांध दोन सळयांवर राहिला की थांबायचं. त्यापुढे जायचं तर बांधभावाची, म्हणजे शेजारच्या रानवाल्याची, रजा हवी. ती चिठ्ठीने चालायची नाही, निरोपानेही चालायची नाही. त्याच्याच तोंडून, त्याच्याच आवाजात हवी. पाणी लागलं तर पहिला तांब्या मालकाला मिळायचा नाही, तो बांधभावाला. मालक तोंड वाकडं करायचा. आप्पा म्हणायचे, "पाणी त्याच्या खालनं आलंय. त्यानं पिलं म्हंजी त्याला कळलं. कळलं की मग भांडाण ऱ्हात न्हाय." आणि खरंच, आप्पांनी आडवं बोअर घेतलेल्या विहिरींवरून कुणी तहसिलीत गेल्याचं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. आमच्या गावात बांधावरून कोयते निघतात, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट काही थोडी नव्हे.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं लिंग, अंगात बंडी. संध्याकाळी वर यायचे तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखल, फक्त विभूतीचे पट्टे कसे काय शाबूत असायचे देव जाणे. काम चालू असताना कडुनिंबाची एक काडी दातांत धरायचे आणि तिचं दुसरं टोक फिरत्या सळईला टेकवायचे. दगडाची जात त्यांना दातांत कळायची. काळा पाषाण असला तर कानशिलापर्यंत ठणका, मुरूम असला तर नुसती कुरकुर, आणि पाण्याचा दगड जवळ आला की हिरडीला गुदगुल्या. नारळ हातात धरून पाणी दाखवणाऱ्या लोकांवर त्यांचा भारी राग. "नारळ खायाचा असतोय, त्येला घिऊन रानोमाळ हिंडायचं न्हाय," असं त्या लोकांच्या तोंडावर म्हणायचे.

घरची भाषा त्यांची कानडी. मराठी बोलायचे आमच्याशी, पण मोजायचे कानडीत आणि बायकोशी भांडायचेही कानडीत. ते साठ फूट खाली, गौराक्का वर, मध्ये दोर. सळई मागायची असली की दोराला एक हिसका, इंजिन बंद करायचं असलं की दोन, आणि तीन हिसके म्हणजे नुसतंच, "रागावलीस का?" गौराक्काने दोर परत ओढला तर राग गेला. खालून "ओंदु, एरडु, मूरु" ऐकू यायचं. शेवटी कधीतरी सगळी विहीर घुमवत आरोळी यायची, "नीरु बंतु!" पाणी आलं. काठावरची म्हातारी माणसं टोप्या काढून डोकं खाजवत हसायची.

मला हे सगळं इतकं बारकाईने आठवतं, त्याला कारण आहे. मी पुढे तेच काम करायला गेलो. इंजिनिअर झालो, राजस्थानात तेलाच्या विहिरींवर लागलो. अठ्ठावीस दिवस काम, अठ्ठावीस दिवस घरी. एका सुट्टीत आप्पांना ओसरीवर बसवून मोबाइलवर चित्रफीत दाखवली. आधी उभं खाली जायचं, मग खडकातच वळायचं आणि दीड किलोमीटर आडवं सरकायचं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजी माझंच काम की रं हे, फकस्त थोरल्या घरचं," म्हणाले. त्यांनी गौराक्काला हाक मारून ते परत दाखवायला लावलं.

मला चेव आला. पुढचंही सांगितलं. नुसतं भोक पाडून तेल येत नाही, खडक फार घट्ट असतो, म्हणून पंपांनी भयंकर दाबाचं पाणी आत सोडून तो तडकवायचा. तडे मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर बारीक वाळू ढकलायची. वाळू तड्यात अडकून बसते आणि तिच्यामधून तेल वाहत येतं. आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जखम भरून यिऊ न्हाय म्हणून तिच्यात खडे घालता व्हय." मी हसलो. त्यांनी विचारलं, "आन् वर कोण हाय?"

"कुणी नाही आप्पा. वाळवंट आहे."

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पंपांच्या पलीकडे, कुंपणाच्या कडेला काहीतरी हलत होतं. "मग ही शेरडं कुणाची?" म्हणाले.

शेरडं कुणाची होती ते मला माहीत नव्हतं. मी तिथे दोन वर्षं काम करत होतो आणि ती शेरडं माझ्या नजरेला कधी पडलीच नव्हती. पण तेव्हा मला त्यांची गंमत वाटली. या माणसाचं जग चार सळयांचं, असं काहीसं मी आईला म्हणालोसुद्धा. आईने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली.

त्यानंतरच्या चैतात आमची विहीर तळाला गेली. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग पाण्यावाचून पिवळी पडायला लागली होती. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला अनसूयाकाकूंचं रान. काकू म्हणजे वडिलांच्या चुलतभावाच्या विधवा. त्यांच्या विहिरीत कमरेइतकं पाणी होतं. त्यावर त्या दोन म्हशी, थोडं कडवळ आणि लिंबाची वीस झाडं राखून होत्या. वडिलांनी आदल्या वर्षी त्यांच्या दिशेला आडवं बोअर घेण्याबद्दल विचारलं होतं आणि काकूंनी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. आता त्या सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. मी सुट्टीवर होतो. वडिलांनी आप्पांना बोलावलं.

आप्पांनी पावलं मोजली. बांध अकराव्या सळईला. म्हणजे नवव्याला थांबायचं. दुपारपर्यंत नऊ सळया आत गेल्या तरी भिंत कोरडीच. खालून आप्पांचा आवाज आला, "हिरडीला लागतंय. पाणी म्होरंच हाय, पर म्होरं बाईचं रान हाय. साकु." साकु म्हणजे पुरे.

वडील काठावर डोक्याला हात लावून बसले. मला त्यांची दया आली, हे खरं. पण त्याहून जास्त मला त्या नऊ आकड्याचा संताप आला. मी दीड दीड किलोमीटर आडवं जाणारा माणूस आणि इथे सगळं घर दहा फुटांसाठी अडून बसलंय, तेही एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी! मी काठापासून दहा पावलं बांधाकडे गेलो, मोबाइल कानाला लावला आणि मोठ्याने बोलायला लागलो. "हां काकू, मी बोलतोय... बाळ कसं आहे? ... आप्पा विचारतायत, पुढे जाऊ का... हो, हो... चालेल म्हणता? बरं, सांगतो."

पलीकडे कुणी नव्हतं.

"मला ऐकू दे बाईचा आवाज," आप्पा खालून ओरडले.

"खाली रेंज येत नाही, आप्पा."

ते वर आले असते. पण गुडघे गेले होते त्यांचे, दिवसातून एकदा उतरायचं आणि एकदाच चढायचं असं चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "सोताच्या तोंडानं व्हय म्हनली?"

"हो."

"बरं. शिकल्याला मानूस हाईस तू," असं म्हणाले आणि दोराला एक हिसका दिला. गौराक्का माझ्याकडे बघत होती. तिने सळई सोडली. हत्तु म्हणजे दहा, त्यापुढचे कानडी आकडे मी तिथेच शिकलो. एकविसाव्या सळईला पाणी लागलं. मनगटाएवढी धार भिंतीतून बाहेर पडली आणि समोरच्या भिंतीवर आदळली. आरोळी अशी आली की वडील रडायला लागले. आप्पा वर आले ते हातात भरलेला तांब्या घेऊनच. काकू नव्हत्या, म्हणून त्यांनी तो घरी नेला, लिंगपूजेच्या कोनाड्यात ठेवला आणि वर ताटली झाकली.

आमची बाग आठवड्यात हिरवी झाली. पंधराव्या दिवशी काकू परत आल्या. वाटेकऱ्याने त्यांना फोन करून कळवलं होतं की विहीर उतरायला लागलीय. आप्पांनी नवं धोतर नेसलं, विभूती लावली आणि तो तांब्या घेऊन ते काकूंच्या अंगणात गेले. बांधभावाचं पहिलं पाणी. गल्लीतल्या चार बायांसमोर काकूंनी विचारलं, "हे कसलं पाणी, आप्पा?"

आप्पा तिथेच उभे राहिले. त्या बायांपैकी एकीने नंतर माझ्या आईला सांगितलं की माणूस खांबासारखा थिजला. मग ते म्हणाले, "चुकलं माझं, बाई. सळई बांधाच्या पल्याड गेली." माझं नाव घेतलं नाही. फोनचं नाव घेतलं नाही. काकूंनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि अंगणात उपडा केला.

तिथून ते थेट आमच्याकडे आले. मी दुसऱ्या दिवशी परत जायचा होतो, बॅग भरत होतो. रिकामा तांब्या हातात घेऊन उंबऱ्यात उभे राहिले आणि विचारलं, "फोनवर कोण व्हतं?"

मी बॅगेची चेन लावत राहिलो. ती आधीच लागलेली होती.

"बरं," आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "कान माझं हायत. बाईचा आवाज न ऐकता सळई म्या घातली. तुझं तू बग." शिवी दिली असती तर मी ती आजवर विसरलो असतो. मग वडिलांना हात जोडून म्हणाले, "दादा, लाकडाचं बूच ठोकून ते भोक बुजवतो. आर्धा दिस लागंल." वडील म्हणाले, "पाणी काय तिच्या नावानं यितंय का, आप्पा? आलंय ते आलंय." आणि त्याच संध्याकाळी विहिरीकडच्या फाटकाला कुलूप लागलं. बाग माझ्याही शिक्षणाला पुरलेली होती, असं मी स्वतःला समजावलं. माणसाला समजावायला काहीतरी सापडतंच.

त्या उन्हाळ्यात आप्पा काकूंच्या कोरड्या विहिरीत उतरले. फुकट. चार दिशांना चार बोअरं मारली. काकू काठावर उभ्या असायच्या, पण त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. आप्पा खालून ओरडायचे, "वर कोण हाय?" काकू गप्प. शेवटी गौराक्का म्हणायची, "म्या हाय." मग काम सुरू व्हायचं. पाणी लागणार नाही हे आप्पांना त्यांच्या दातांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. ते पाणी आमच्या विहिरीत पडत होतं आणि मी राजस्थानात खडक तडकवत होतो.

काकूंनी म्हशी विकल्या. लिंबं वाळली. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि जमीन विकायला काढली. ती कुणी घेतली असेल? बांधाला लागून होती, सोयीची होती. ती आज सातबाऱ्यावर माझ्या नावाने आहे.

गावाने काय केलं, तर आप्पांनाच धरलं. "म्हातारीच्या विहिरीत सळई घातलेला," असं त्यांच्या पाठीमागे आणि पुढे समोरसुद्धा म्हणायला लागले. ज्या माणसाने जन्मभर गावाला ओ द्यायला लावली, त्याला कुणी कामाला बोलवेना. आप्पाच असं करतात म्हटल्यावर इतरांना कसली लाज! सोलापूरकडून नवी यंत्रं आली. ती पोरं वर कोण आहे ते विचारत नाहीत. आज आमच्या शिवारात कुणाची सळई कुणाच्या खाली आहे, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि चैतात सगळ्याच विहिरी सारख्याच कोरड्या असतात. आमचीसुद्धा. बाग आम्ही तिसऱ्या वर्षी तोडली.

या सगळ्या वर्षांत आप्पा मला वाटेत भेटायचे. तोंड फिरवायचे नाहीत, तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. "कधी आलास?" म्हणून विचारायचे. मी कधी आलो ते सांगायचो. ते माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहायचे, जसे तळाशी बसून ओ यायची वाट बघायचे तसे. मग निघून जायचे.

गेल्या सुट्टीत ते वारले. फुप्फुसात दगडाची धूळ साचली होती, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांच्या समाजात माणसाला बसवून पुरतात, स्वतःच्या रानात. आप्पांना रान नव्हतंच. समाजाची जागा होती ती हायवे रुंद झाला तेव्हा जवळजवळ सगळी गेली, कडेला एक पट्टी उरलीय. माझे वडील आता थकलेत. ते काठी टेकत पुढे आले आणि चार माणसांत म्हणाले, "आमच्या वरच्या रानात जागा देतो. लिंबाच्या बुडख्यापाशी." लोकांना ते फार आवडलं. केवढं मन, असं कुणीतरी म्हणालं.

गौराक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्ये रान बाईचं हाय. बाईला इच्चारा."

"अक्का, आता आमच्या नावावर आहे ते," वडील म्हणाले.

"तरीबी इच्चारा." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू लाव फोन. आन् ह्या वक्ताला आकडे दाबून लाव."

म्हणजे तिला त्या दिवसापासून माहीत होतं. दोर हातात धरून ती माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती, आणि मी आकडे न दाबताच मोबाइल कानाला लावला होता. बाकी कुणाला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मी आकडे दाबले. "समद्यांला ऐकू यिऊ दे," गौराक्का म्हणाली. मी स्पीकर चालू केला.

काकूंनी फोन उचलला. आवाज फार बारीक झाला होता. मी आप्पा गेल्याचं सांगितलं, जागेचं विचारलं. पलीकडे नातवंडांचा दंगा चालला होता. मग काकू म्हणाल्या, "मला कशाला इच्चारतोस? सळई घालताना त्यानं मला इच्चारलं व्हतं का?"

अंगणात पन्नास माणसं होती. सगळ्यांनी ते ऐकलं. मांडी घालून भिंतीशी बसवलेल्या आप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. काकू, त्यांनी विचारलं होतं, खोटं मी बोललो. दहा शब्दसुद्धा नाहीत. गौराक्का माझ्याकडे बघत होती. वडीलही बघत होते.

"काय रं, ऐकतोस का?" काकू म्हणाल्या.

"हो काकू," मी म्हणालो.

"कुठंबी पुरा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"बरं," गौराक्का म्हणाली, अगदी आप्पांसारखं. मग ती उठली आणि म्हणाली की आपल्या माणसाला हायवेच्या कडेला न्या, दुसऱ्याच्या रानाखाली तो जायचा नाही.

खड्डा लहान होता. आप्पांना त्यात बसवलं, मांडीवर लिंग, बाजूला बेलाची पानं. वरून ट्रक जात होते. आम्ही सगळे काठावर उभे होतो आणि आप्पा खाली. माती लोटण्याआधी गौराक्का खड्ड्याच्या तोंडाशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्या हाय." मग तिने आमच्यावरून नजर फिरवली, एकेकावरून, आणि माझ्यापाशी थांबली. आणखी कुणी ओ देतंय का, ते बघत असावी.

मी पायाशी बघितलं आणि मूठभर माती उचलली.